सहा टिकटिकी आणि तीन सेवा : १९५०च्या सुमारास ब्रिटिश रेडिओचा एक दिवस

बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आधी तबकडीमागचा पिवळट दिवा लागायचा, आतले व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ जायचा, मग नुसती घुरघुर, आणि त्या घुरघुरीतून माणसाचा आवाज हळूहळू वर यायचा. सातच्या बातम्या ऐकायच्या तर सातला एक मिनिट कमी असतानाच रेडिओ लावून ठेवावा लागे. संच बुशचा किंवा मर्फीचा. ही दोन्ही नावं आपल्याकडच्या जुन्या घरांतही होती. ज्या घरात वीज पोचली नव्हती तिथे रेडिओ बॅटऱ्यांवर चाले. त्यातली एक बॅटरी म्हणजे काचेच्या बरणीत ॲसिड आणि शिशाच्या पट्ट्या. ती संपली की बरणी कडीला धरून सायकलच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये न्यायची, तिथे चार्जिंगला ठेवायची आणि भरलेली दुसरी घेऊन यायची. वाटेत हिंदकळली तर पँटीला भोक.

अशा संचावर साधारण १९५० ते १९५५ या काळात लंडन, लीड्स किंवा बर्मिंगहॅमच्या घरात दिवसभर काय वाजत होतं, हे आज कुणालाही शोधता येतं. ‘रेडिओ टाइम्स’ हे बीबीसीचं साप्ताहिक तेव्हा ऐन भरात होतं. दशकाच्या मध्याला त्याचा खप ८० लाख प्रतींच्या वर गेला. पण त्यातलं एखादं पान पहिल्यांदा पाहिलं की गोंधळायला होतं. तीन रकाने, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, मध्येच प्रार्थना, मध्येच जहाजांसाठी हवामान, मध्येच डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी. हे सगळं कुणी आणि कशाच्या आधारावर लावलं? मला वाटतं, ते पान कार्यक्रमांची यादी म्हणून वाचूच नये. घराचा नकाशा म्हणून वाचावं. कुठल्या वेळी घरात कोण आहे, त्याचे हात कशात गुंतलेत आणि कान किती मोकळे आहेत, हे त्यात छापलेलं असतं.

आधी पैशाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. बीबीसीवर जाहिराती नव्हत्या. रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून वर्षाचं लायसन्स काढायचं. १९४६पर्यंत त्याला दहा शिलिंग पडत, त्यानंतर एक पौंड. १९५०च्या सुमारास अशी लायसन्सं १ कोटी २० लाखांच्या आसपास होती. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर अख्खा देश. आणि दुकान एकच, कारण ब्रिटनच्या भूमीवरून रेडिओ चालवण्याची परवानगी दुसऱ्या कुणालाच नव्हती. गोदीतला हमाल एक पौंड भरतो आणि ग्रीक शिकवणारा प्राध्यापकही एकच पौंड भरतो. दोघांना एकाच पंगतीला बसवून एकच भाजी वाढली तर दोघंही नाक मुरडणार.

म्हणून तीन पंगती मांडल्या. होम सर्व्हिस १ सप्टेंबर १९३९ला, युद्ध दारात येऊन ठेपलेलं असताना, आधीच्या दोन सेवा एकत्र करून सुरू झाली होती. बातम्या, नाटकं, भाषणं, शाळांचे पाठ हे सगळं तिच्याकडे. तिचे प्रादेशिक भाग होते, त्यामुळे स्कॉटलंड, वेल्स किंवा उत्तर इंग्लंडला काही वेळ आपापलं ऐकता येई. लाइट प्रोग्रॅम २९ जुलै १९४५ला आला : गाणी, विनोद, मालिका. आणि २९ सप्टेंबर १९४६ला थर्ड प्रोग्रॅम, तो फक्त संध्याकाळी. त्यावर अख्खे ऑपेरा, कवितावाचन, तत्त्वज्ञानावरची व्याख्यानं.

त्या वेळचे महासंचालक विल्यम हेली यांच्या डोक्यात एक पिरॅमिड होता. पाया लाइटचा, मधला थर होमचा, शेंडा थर्डचा. आणि ऐकणारा माणूस वर्षानुवर्षं ऐकत ऐकत पायरी पायरीने वर चढेल, ही अपेक्षा. कल्पना भाबडी होती असं मी म्हणणार नाही, पण माणसं चढली नाहीत हे खरं. लाइटवाले लाइटवरच रमले. थर्डला ऐकणारे शेवटपर्यंत मूठभरच राहिले, आणि १९५७मध्ये तर त्याची वेळही कापली.

लाइट प्रोग्रॅमच्या हाती मात्र एक मोठी गोष्ट होती : १५०० मीटरची लाँग वेव्ह. या लांब लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, डोंगर आडवा आला तरी फारसं अडत नाही. वुस्टरशरमधल्या ड्रॉइटविचच्या एका ट्रान्समीटरवरून देशाचा बराचसा भाग आणि भोवतालचा समुद्र कवेत यायचा. म्हणूनच जहाजांसाठीचं हवामान बातम्या देणाऱ्या होमवर नव्हे, तर नाचगाण्याच्या लाइटवर लागे. दोन गाण्यांच्या कार्यक्रमांमध्ये एक गंभीर आवाज समुद्राच्या एकेका टापूचं नाव घेऊन वाऱ्याचा जोर सांगून जाई, आणि परत बँड सुरू.

सकाळ होमची. साडेसहाच्या सुमारास सेवा सुरू, सातला बातम्या, आठला पुन्हा बातम्या, आणि आठला दहा कमी असताना पाच मिनिटांचं चिंतन. बातम्यांआधी ग्रिनिचच्या वेळेच्या सहा टिकटिकी, ज्यांना तिकडे ‘पिप्स’ म्हणतात. या १९२४पासून चालू आहेत. तेव्हा सहाही सारख्याच लांबीच्या असत. शेवटची लांबवायची पद्धत १९७२पासूनची. सहावी टिक सुरू होते तो क्षण म्हणजे बरोबर तास. लोक त्यावर मनगटी घड्याळ लावत, आणि पाचवीवर किल्ली सोडायची की सहावीवर यावरून घरोघरी वाद होत असणार असं मला उगाचच वाटतं.

बातम्या वाचणाऱ्याचं नाव सांगत नसत. युद्धात सांगावं लागलं, कारण शत्रूने बीबीसीच्या नावाने खोट्या बातम्या दिल्या तर ओळखीचा आवाज आणि नाव जुळतंय का हे लोकांना कळायला हवं होतं. युद्ध संपलं तसे निवेदक परत निनावी झाले. युद्धाच्याच काळात विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं होतं. त्याने आपल्या उत्तरेकडच्या हेलात श्रोत्यांना शुभरात्री म्हटलं, आणि तक्रारींचा पाऊस पडला. प्रमाण बोलीबाहेरच्या आवाजाने बातमी दिली की ती खरी वाटत नाही, अशी बऱ्याच लोकांची तक्रार होती. हे वाचताना आपल्याकडचे ‘शुद्ध’ मराठीवाले आठवल्यावाचून राहत नाहीत.

सव्वाआठची वेळ युद्धात ‘किचन फ्रंट’ची होती. रेशनच्या चिमूटभर लोण्यात आणि अंड्याच्या भुकटीत काय रांधावं, याच्या पाच मिनिटांच्या सूचना. इथे आपला एक धागा लागतो. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तेव्हा लंडनमध्ये बीबीसीत होत्या. पूर्वेकडच्या प्रसारणांच्या विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. पण त्या होम सर्व्हिसवरही बोलल्या, आणि ‘किचन फ्रंट’मधून त्यांनी इंग्रज बायकांना भारतीय शाकाहारी पदार्थ सांगितले. मांस रेशनवर असलेल्या देशाला वरण-भाजीचं महत्त्व पटवायला याहून चांगली वेळ कुठली! याच लंडनहून मराठीतही प्रसारण होत असे, मार्च १९४२पासून १९५८च्या डिसेंबरपर्यंत. रेशन मात्र युद्ध संपल्यावरही हटलं नाही. ते पूर्ण उठायला जुलै १९५४ उजाडलं. आपण ज्या दिवसाबद्दल बोलतोय त्या दिवशीही स्वयंपाकघरात कूपनांचं पुस्तक होतंच.

नऊला लाइट सुरू होई आणि नवरा-मुलं घराबाहेर पडलेली असत. नऊ वाजून दहा मिनिटांनी ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’. पत्रं पाठवून मागितलेली गाणी, आणि सुचवणाऱ्या बाईचं नाव-गाव. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’वर वाढलेल्यांना आणखी काही समजावून सांगायला नको.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय वेळापत्रकाचं निम्मं गूढ उकलत नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या दिवसभर वाजवायला बीबीसीला परवानगीच नव्हती. ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार आठवड्याला ठरावीक तासच तबकडीवर सुई टेकवता येई. त्याला म्हणतच ‘नीडल टाइम’. तबकडी वाजली की बँडचा रोजगार बुडतो, हे त्यामागचं साधं गणित. म्हणून गृहिणींच्या गाण्यांवर हा मोलाचा सुईचा वेळ खर्च केला की बाकीच्या वेळी स्टुडिओत हाडामांसाचे वादक बसवावे लागत. ब्रिटिश रेडिओवर तेव्हा इतके ऑर्केस्ट्रा का होते, याचं एक कारण रसिकता आणि दुसरं हे.

साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. हा माझा सगळ्यात आवडता, कारण त्यात ऐकणाऱ्याने ऐकावं अशी अपेक्षाच नाही. तो जून १९४०मध्ये सुरू झाला, दारूगोळा बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. दहा तास एकच हालचाल करणाऱ्या हातांचा वेग सकाळी साडेदहाला आणि पुन्हा दुपारनंतर मंदावतो, म्हणून दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सलग वाद्यसंगीत. त्याचे नियम वाचण्यासारखे होते. आवाज एकसारखा हवा. हळूच सुरू होऊन मोठी होणारी चाल नको, कारण यंत्रांच्या खडखडाटात हळू भाग ऐकूच येत नाही. संथ, झोप आणणारं काही नको. शब्द शक्यतो नकोत. आणि टेक्सासवरच्या एका अमेरिकन गाण्याला तर बंदीच होती, कारण त्यात दर ओळीला चार टाळ्या येतात. कामगार हातातली हत्यारं बाकावर आपटून त्या टाळ्या पुऱ्या करत, आणि हत्यारांची वाट लागत असे. युद्ध संपलं तरी कार्यक्रम चालूच राहिला. कारखान्यांसाठीचा हा ठेका धुणं-भांड्यांनाही चालतो, हे बायकांनी केव्हाच ओळखलं होतं. कारखान्यांच्या कँटीनमधून जेवणाच्या सुट्टीत थेट लागणारा ‘वर्कर्स प्लेटाइम’ही त्याच काळातला.

याच वेळात होम सर्व्हिस शाळांच्या ताब्यात असे. वर्गात एक मोठा स्पीकर, पोरं ओळीत बसलेली. म्हणजे घरात राहिलेल्या बाईला करमणूक हवी तर लाइटवाचून पर्याय नाही. अकराला ‘मिसेस डेल्स डायरी’ची आदल्या दुपारची पुनरावृत्ती. लंडनच्या एका कल्पित उपनगरातल्या डॉक्टरची बायको आपल्या घरातल्या बारीकसारीक चिंता सांगते, ज्यात नवऱ्याची, म्हणजे जिमची, काळजी ठरलेलीच. १९४८ ते १९६९ ही काळजी चालली. आपल्या आकाशवाणीवरच्या ‘प्रपंच’मधल्या मीनावहिनींना तिच्याशी बोलायला विषय कमी पडला नसता.

मग दुपार. पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’, १९५०च्या जानेवारीत सुरू झालेला, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पंधरा मिनिटं. “नीट बसलात ना? मग सुरू करते,” असं म्हणून गोष्ट सुरू व्हायची, हे वाक्य त्या पिढीच्या रक्तात आहे. पण खरी गंमत वेळेत आहे. पावणेदोन ते दोन गोष्ट आणि बालगीतं. दोनला पोर झोपायला जातं. आणि बरोबर दोनला, लाइटवरच, ‘वुमन्स अवर’. आई पोराला थोपटून परत येते, चहाचा कप घेते, आणि तास तिचा. रेडिओने आधी मूल झोपवलं, मग आईशी बोलायला बसला. (हा ‘बायकांचा तास’ १९४६मध्ये सुरू झाला तेव्हा सांभाळायला ॲलन आयव्हिमी नावाचे एक गृहस्थ होते, हे सांगितलं की आजही हशा पिकतो.) कोण कधी काय ऐकतं हे बीबीसी नुसतं अंदाजाने ठरवत नव्हती. १९३६पासून तिचा श्रोता-संशोधन विभाग होता, आणि मुलाखत घेणारे लोक रोज मोठ्या संख्येने माणसांना गाठून ‘काल काय ऐकलंत?’ एवढंच विचारत.

पाचला होमवर ‘चिल्ड्रन्स अवर’, शाळेतून आलेल्या मुलांसाठी. सहाला बातम्या. आणि पावणेसातला लाइटवर ‘द आर्चर्स’.

ही वेळ आधी ‘डिक बार्टन’ या हेराची होती. रोज पंधरा मिनिटं मारामारी, रोज शेवटी नायक मरणाच्या दारात, आणि भरभराटीच्या दिवसांत दीड कोटी श्रोते. दुसरीकडे सरकारला घोर होता तो धान्याचा. रेशन चालू, आयातीला पैसा नाही, आणि शेतकरी नव्या पद्धती ऐकायला तयार नाहीत. बर्मिंगहॅमला १९४८मध्ये शेतकऱ्यांबरोबर झालेल्या बैठकीत एकजण म्हणाला की आपल्याला शेतीतला डिक बार्टन हवा. लोक हसले. पण गॉडफ्री बेझली या बीबीसीतल्या माणसाच्या डोक्यात ते राहिलं. अँब्रिज नावाचं कल्पित गाव, आर्चर घराणं, आणि संवादांमधून हळूच खत, बियाणं, गाईंचे आजार. १९५०मध्ये मध्य इंग्लंडपुरता प्रयोग झाला, १ जानेवारी १९५१पासून मालिका देशभर गेली, आणि काही महिन्यांतच तिने डिक बार्टनची वेळ घेतली. माहितीची गोळी गोष्टीच्या साखरेत बुडवायची ही युक्ती आज सगळीकडे दिसते. इथे ती इतकी जमली की शहरातली माणसं, ज्यांना गोठा कुठल्या दिशेला असतो हे ठाऊक नव्हतं, तीही जेवण थांबवून ऐकू लागली.

रात्र विनोदाची. आणि विनोदावर हिरव्या रंगाच्या एका पुस्तिकेचा पहारा होता. ही १९४०च्या दशकाच्या अखेरीची, विनोदी कार्यक्रमांच्या निर्मात्यांसाठीची नियमावली. शौचालयावर विनोद नको. नवविवाहित जोडप्यांवर, हॉटेलातल्या कामवाल्यांवर, बायकांच्या अंतर्वस्त्रांवर, सशांच्या सवयींवर सूचक काही नको. फिरत्या विक्रेत्यांवरही नको. आता सांगा, उरलं काय! उरलं ते शब्दांशी खेळणं आणि निखळ वेडेपणा. आणि मला वाटतं, या बंदीनेच त्या काळच्या ब्रिटिश विनोदाला तिरकस केलं.

त्या वेडेपणाचा शिरोमणी आपल्या नगरचा. स्पाइक मिलिगन १९१८मध्ये अहमदनगरला जन्मला, वडील ब्रिटिश लष्करात, बालपणाची काही वर्षं पुण्यात. १९५१च्या मेमध्ये त्याने पीटर सेलर्स, हॅरी सीकोम आणि मायकेल बेंटीन यांच्याबरोबर जो कार्यक्रम सुरू केला तो पुढे ‘द गून शो’ म्हणून गाजला. त्यात आवाजांनाच पात्रांचा दर्जा होता. चित्र दाखवायचं नाही, म्हणजे काहीही दाखवता येतं : भिंत वितळते, माणूस पियानोत बसून समुद्र ओलांडतो. एकदा मिलिगनला मोज्यात कस्टर्ड भरून मारल्याचा आवाज हवा होता म्हणे. कँटीनमधल्या बाईने मनापासून कस्टर्ड करून दिलं, याने ते तिच्यासमोरच मोज्यात ओतलं आणि लाकडी फळीवर आपटलं. हवा तो आवाज आलाच नाही.

होमवर नऊला बिग बेनचे टोले आणि मुख्य बातम्या. राजकारणावर मात्र एक विचित्र लगाम होता : संसदेत पुढच्या चौदा दिवसांत चर्चेला येणार असलेल्या विषयावर रेडिओवर चर्चा करायची नाही. म्हणजे विषय जितका ताजा तितका वर्ज्य. १९५६मध्ये, सुएझ कालव्याच्या भानगडीनंतर, हा नियम बाजूला ठेवला गेला.

थर्ड प्रोग्रॅमला वेळापत्रकाचा हा जाचच मान्य नव्हता. नाटक दोन तास चाललं तर दोन तास, सव्वातीन चाललं तर तेवढं. नऊ वाजले म्हणून बीथोव्हेनला थांबवायचं नाही. कवी डिलन टॉमस यांचं ‘अंडर मिल्क वुड’ हे नाटक जानेवारी १९५४मध्ये इथेच प्रथम ऐकू आलं, लेखक वारल्यावर अडीच महिन्यांनी. आणि ज्या तरुणांना यातलं काहीच नको होतं, ते २०८ मीटरवर रेडिओ लक्झेंबर्ग शोधत. मध्यम लहरी रात्री आकाशातल्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून रात्रीच ते स्टेशन लागे, तेही मध्येच विरत. तिथे गाणी होती, जाहिराती होत्या, आणि बीबीसीचा शिष्टाचार नव्हता. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरची सिनेमागीतं आवळल्यावर आपली मंडळी रेडिओ सिलोनकडे वळली, तसलाच प्रकार.

अकराला लाइटवर झोपण्याआधीचं पुस्तक, पंधरा मिनिटं, क्रमशः. मध्यरात्री बंद.

हे सगळं यंत्र एकदम थांबलं तर काय उरतं, हेही एका दिवशी दिसलं. बुधवार, ६ फेब्रुवारी १९५२. पहाटे राजे सहावे जॉर्ज झोपेतच वारले होते. सकाळी सव्वाअकराला जॉन स्नॅग या निवेदकाने ती बातमी दिली, आणि पुढे सांगितलं की आजच्या दिवसापुरतं प्रसारण बंद. गाणी गेली, डॉक्टरची बायको गेली, मुलांची गोष्ट गेली, आर्चर मंडळी गेली. ठरलेल्या वेळच्या बातम्या तेवढ्या राहिल्या. आणि जहाजांसाठीचं हवामान आणि वादळाच्या सूचना, कारण उत्तर समुद्रातल्या मच्छीमारांना त्या दिवशीही वाऱ्याचा जोर कळायला हवा होता.